प्राणिक्रौर्य आणि कारावास (भारतीय कायदा)

प्राण्याला विनाकारण वेदना देणे, उपाशी ठेवणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, विष घालणे किंवा हालहाल करून मारणे यांना कायद्याच्या भाषेत क्रूर वागणूक म्हणतात. असे करणाऱ्याला तुरुंगात टाकावे का, या प्रश्नाला भारतात एक उत्तर नाही. कायद्यागणिक ते बदलते. रानातल्या वाघाला मारले तर किमान तीन वर्षे कारावास आहे. गोठ्यातल्या बैलाला चटके दिले आणि गुन्हा पहिलाच असला, तर या विषयाच्या मूळ कायद्यात जास्तीत जास्त ५० रुपये दंड आहे, आणि तुरुंग नाहीच.

हा मूळ कायदा म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६०. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार एकापाठोपाठ एक दिले आहेत: मारहाण, अतिभार, आजारी जनावराला कामाला जुंपणे, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, आखूड दोरीने सतत बांधून ठेवणे, रस्त्यावर सोडून देणे, झुंजी लावणे. शिक्षा मात्र सगळ्यांना एकच. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही. १९६० साली दहा ग्रॅम सोने शंभर-सव्वाशे रुपयांना मिळत होते, तेव्हा ५० रुपयांचा दंड गाडीवानाला जड जाई. नंतर रुपयाची किंमत घसरत गेली आणि कायद्यातला आकडा जागेवरच राहिला. जाळणे आणि जास्त ओझे लादणे या दोन कृत्यांना एकाच मापाने मोजणे हा या कलमाचा दुसरा दोष, आणि माझ्या मते दंडाच्या रकमेपेक्षा तो मोठा आहे.

कायदा कसा घडला हे पाहिले की त्याचा आकार समजतो. ब्रिटिश अमलात १८९० साली अखिल भारतीय कायदा झाला. त्याआधीच मोठ्या शहरांत प्राणिमित्र संस्था उभ्या राहिल्या होत्या. मुंबईत तर १८३२ सालीच भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, ते आजही चालू आहे. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सदस्य आणि भरतनाट्यम नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी जुन्या कायद्याच्या जागी नवे खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर रुक्मिणीदेवींनी ते मागे घेतले. १९६० चा अधिनियम त्यातून आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यापासून तुरुंग असलेली क्रूरता म्हणजे फुका. गाय-म्हैस दूध चोरू नये म्हणून तिच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकण्याची ही जुनी रीत. कलकत्त्याच्या गवळ्यांच्या या प्रकाराचे वर्णन वाचून गांधीजींनी दूध सोडले होते. कलम १२ नुसार फुक्याला, तसेच दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारे इंजेक्शन टोचण्याला, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. शिवाय जनावर सरकारजमा होते. १९६० च्या संसदेला प्राण्यांसाठी तुरुंग अमान्य होता असे म्हणूनच म्हणता येत नाही. ज्या क्रौर्याची तेव्हा चर्चा होती, त्याला तिने तुरुंग दिला. कलम ११ मधल्या बाकीच्यांना दंडावर सोडले.

पोलीस ठाण्यात काय होते

कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. जनावराचा अवयव तोडणे, स्ट्रिक्निन या विषाचे इंजेक्शन देऊन किंवा तशा क्रूर रीतीने मारणे, झुंजी भरवणे आणि बंदिस्त प्राणी सोडून नेमबाजीच्या स्पर्धा भरवणे एवढेच अपवाद. त्यामुळे कुणी शेजाऱ्याने कुत्र्याला मारहाण केल्याची तक्रार घेऊन गेले, तर ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतो, तिची प्रत हातात देतो आणि दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. खटल्याची मुदतही आखूड आहे: कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला दाखलच करता येत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल आणि साक्षीदारांचे जबाब यांतच ते तीन महिने निघून जाऊ शकतात.

म्हणून प्राणिमित्र कार्यकर्ते फौजदारी कायद्याच्या कलमासाठी आग्रह धरतात. भारतीय दंड विधानाच्या कलम ४२८ प्रमाणे दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे जनावर मारले वा जायबंदी केले तर दोन वर्षांपर्यंत, आणि कलम ४२९ प्रमाणे हत्ती, उंट, घोडा, म्हैस, बैल, गाय यांच्यासारखे किंवा पन्नास रुपये किमतीचे अन्य कोणतेही जनावर असले तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने किमतीची अट काढली. आता कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे याला पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे. ही खरी सुधारणा. पण कलम अजूनही आगळिकीच्या, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीच्या, गुन्ह्यांत आहे. भटक्या कुत्र्याला मालक नाही, मग नुकसान कोणाचे, हा मुद्दा बचावाच्या वकिलाला काढता येतो. शिवाय मारहाण झाली पण जनावर ना मेले ना कायमचे अधू झाले, तर प्रकरण पुन्हा पन्नास रुपयांच्या कलमाखाली येते. प्राण्यांवरील लैंगिक अत्याचार पूर्वी दंड विधानाच्या कलम ३७७ खाली येत. नव्या संहितेत त्याच्यासाठी स्वतंत्र कलमच ठेवलेले नाही. ही उणीव लवकरात लवकर भरून काढायला हवी.

महाराष्ट्रातील विसंगती

शिक्षेचे प्रमाण किती विस्कळीत आहे हे महाराष्ट्रात सर्वांत स्पष्ट दिसते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराजा प्रकरणात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या, आणि त्याच निकालात संसदेने पुरेशी शिक्षा ठेवावी अशी अपेक्षा व्यक्त केली. त्यानंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींना अटींसह परवानगी दिली: जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, बैलांची वैद्यकीय तपासणी, चाबूक, काठी आणि विजेचा झटका देणारी ‘बॅटरी’ यांना बंदी. अटी मोडल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

परिणाम असा की खेड-जुन्नरच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलाची शेपटी पिरगाळणाऱ्या गाडामालकाला तीन वर्षे होऊ शकतात. तोच बैल दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गोठ्यात तशाच वेदना सोसत असेल, तर ५० रुपये. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार बैलाच्या कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. तिन्ही तरतुदी एकाच बैलाबद्दल आहेत, पण तिघींमध्ये कुणी मेळ घातलेला नाही. गोव्यात धीरयो म्हणजे बैलांच्या झुंजींवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९०च्या दशकात बंदी घातली, तरी त्या चोरून भरतच राहिल्या. आयोजकांसाठी केंद्रीय कायद्यातला दंड म्हणजे त्या दिवसाच्या पैजांपुढे चिल्लर.

तुरुंग कोणासाठी

कारावासाच्या बाजूने सर्वांत जास्त दिला जाणारा दाखला अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात प्राणिक्रौर्याच्या १५३ आरोपींची त्यांच्याच वस्तीतल्या तशाच इतरांशी तुलना करणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे आरोपी माणसांविरुद्धच्या हिंसक गुन्ह्यांतही पाचपटीने जास्त आढळले. मात्र आधी प्राणी आणि मग माणूस, अशी पायरी त्यात सापडली नाही. दोन्ही हिंसा एकाच माणसाच्या वागण्यात शेजारी-शेजारी नांदत होत्या. ज्या घरात कुत्र्याला तुडवले जाते, तिथे बायको-मुलांची चौकशी व्हायला हवी, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. माझ्या मते प्राण्याच्या शिक्षेसाठी एवढ्या आडवळणाची गरज नाही: वेदना त्याला होते, तेवढे कारण पुरेसे आहे.

विरोधी बाजूचे म्हणणेही हलके नाही. भारतीय तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. शिक्षा वाढवली की पकडला जाणारा बहुधा हाताशी सापडणारा गरीब माणूसच असतो. यासाठी उसाची टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, पाहावी. बीड-अहिल्यानगरकडून आलेले जोडपे मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्यावर येते. ती फिटते टनाच्या हिशेबाने, म्हणून गाडी काठोकाठ भरली जाते. चढावर बैल गुडघ्यावर येतो, जुवाखाली त्याचा खांदा सुजतो, सोललेला असला तरी सकाळी पुन्हा जुंपला जातो. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम सांगतात की दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, टोकाला खिळा असलेली पराणी वापरू नये. हे नियम पाळले तर मार्च-एप्रिलमधली सोलापूरकडची ऊसवाहतूक भर दुपारी थांबेल. नियम मोडल्याचा गुन्हा गाडीवानावर लागतो. वजनकाट्यावर ती गाडी मोजून घेणारा कारखाना आणि पैसे मोजणारा मुकादम कायद्याच्या नजरेआड राहतात.

या गाडीवानाला तुरुंगात टाकून बैलाचे काही भले होणार नाही. बैल विकला जाईल आणि कर्ज मागे उरेल. पण पिलांना पेटवून देणारा, कुत्र्यावर ॲसिड फेकणारा किंवा गंमत म्हणून माकडाला गळफास लावून चित्रफीत पसरवणारा यांच्यावर कुणाचे कर्ज नसते. त्यांना कारावास हवाच, आणि तो पहिल्याच गुन्ह्यापासून. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती मसुद्यात हा भेद आणण्याचा प्रयत्न होता: अमानुष क्रौर्य हा वेगळा वर्ग, त्याला एक ते तीन वर्षे, आणि प्राण्याला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत. मसुद्याचा कायदा झाला नाही. ओझ्याच्या बाबतीत काम देणाऱ्याला जबाबदार धरण्याचा विचार मात्र त्याच्या चर्चेतही फारसा झाला नाही.

१८२२ साली जगातल्या पहिल्या आधुनिक कायद्यांपैकी एक करणाऱ्या ब्रिटनमध्येही कमाल शिक्षा दीर्घकाळ काही महिन्यांचीच होती. इंग्लंड-वेल्समध्ये ती सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली ती २०२१ मध्ये. अमेरिकेच्या २०१९ च्या संघीय कायद्यात सात वर्षांपर्यंत कारावास आहे.

शिक्षा कितीही झाली तरी जनावराचे पुढे काय, याचे उत्तर आपल्या कायद्यात कलम २९ मध्ये आहे. आरोपी पूर्वी दोषी ठरला असेल किंवा जनावराला त्याच्याकडे आणखी क्रूर वागणूक मिळण्याची शक्यता असेल, तर न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकते आणि ठरावीक काळ किंवा कायमचे त्या प्रकारचे जनावर बाळगण्यास मनाई करू शकते. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना जप्त जनावर गोशाळेत किंवा निवाऱ्यात ठेवता येते आणि त्याचा खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. रोजच्या चाऱ्याचा हा खर्च काही दिवसांतच पन्नास रुपयांच्या कित्येक पट होतो, आणि तो मागण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. फक्त फिर्यादी पक्षाने पहिल्याच तारखेला तो मागायला हवा.