दोन सायरस आणि झेनोफनने वाढवलेला घोळ

ग्रीक-पर्शियन इतिहास वाचताना पहिली ठेच लागते ती नावांची. दारियस तीन झाले, पण त्यांना क्रमांक तरी आहेत. सायरसच्या बाबतीत क्रमांकच फसवतो. पर्शियन साम्राज्य उभं करणारा सायरस इतिहासात 'दुसरा' म्हणून नोंदला गेलाय, कारण त्याच्या आजोबाचं नावही सायरसच होतं. 'दुसरा बाजीराव' म्हटलं की हा थोरला नव्हे, हे आपल्याला चटकन कळतं. इथे उलटं आहे: 'दुसरा सायरस' हाच थोरला. त्याच्यानंतर सव्वाशे-एक वर्षांनी सख्ख्या भावावर फौज घेऊन चालून गेलेल्या धाकट्या सायरसला तर क्रमांकच नाही, कारण तो कधी गादीवर बसलाच नाही.

दोघांचं नातं आहे, पण लांबचं. थोरल्याची मुलगी अतोसा, तिचा मुलगा झर्क्सिस, आणि धाकटा हा झर्क्सिसचा पणतू. म्हणजे धाकट्याच्या खापरपणजीचा बाप तो थोरला.

हा घोळ एका माणसाने आणखी वाढवला: अथेन्सचा झेनोफन. त्याने दोघांवरही लिहिलं. धाकट्याच्या मोहिमेत तो स्वतः सामील होता, त्यामुळे 'अनाबासिस'मध्ये डोळ्यांनी पाहिलेलं आहे. थोरला मात्र त्याच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी वारलेला. त्याच्यावरच्या 'सायरोपीडिया'त आदर्श राजा कसा घडावा याची गोष्ट आहे, इतिहास कमीच. हेरोडोटसच्या सांगण्यानुसार थोरला इ.स.पू. 530 मध्ये मासागेते टोळ्यांच्या तोमिरिस राणीशी लढताना मारला गेला. झेनोफनने त्याला मुलांना उपदेश करत अंथरुणावर शांतपणे मरू दिलंय. वर 'अनाबासिस'मध्ये धाकट्याबद्दल लिहिताना, थोरल्यानंतर राज्य करायला इतका लायक पर्शियन झाला नाही, असंही म्हणून ठेवलंय. वाचणाऱ्याने गोंधळू नये तर काय करावं?

थोरल्याचं काम मोजक्या ओळींत सांगता येतं, कारण ते लख्ख आहे. इ.स.पू. 550 मध्ये मीडांचा राजा अस्तियागेस पडला. त्याच्याच सैन्याने फितुरी करून त्याला सायरसच्या हवाली केलं. मग लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस हरला, त्याची राजधानी सार्डिस पडली, आणि आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची ग्रीक शहरं त्याच्या सरदारांनी घेतली. इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन. तिथल्या बंदिवासातल्या यहुद्यांना जेरुसलेमला परतायची मुभा मिळाली ती याच्याच काळात. मुंबईतल्या पारशी घरांमध्ये सायरस हे नाव टिकून आहे ते याच्यामुळे. त्याचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल, म्हणजे 'सायरस सिलिंडर', 2013 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात येऊनही गेला. या सिलिंडरला 'जगातली पहिली मानवी हक्कांची सनद' म्हणायची पद्धत आहे. मला ते कौतुक अंमळ जास्तच वाटतं. बाबिलोनी राजे मंदिर-तट बांधल्यावर जसे लेख कोरून घेत, त्याच चालीतला हा लेख आहे. मर्दुक देवाने सायरसला निवडलं, असं तो सांगतो, आणि यहुद्यांचं त्यात नावही नाही.

थोरल्याने ग्रीसच्या मुख्य भूमीवर पाऊल ठेवलं नाही. धाकट्यानेही नाही. पण ग्रीसचं नशीब फिरवलं ते या हरलेल्या धाकट्याने, आणि तेही तलवारीने नव्हे, थैलीने.

इ.स.पू. 407 मध्ये विशीही न गाठलेल्या या पोराला बाप दुसऱ्या दारियसने सार्डिसला पाठवलं. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध तेव्हा चोवीस वर्षं चिघळत होतं. स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर त्याला भेटायला आला. सायरस म्हणाला, 500 टॅलेंट (चांदी तोलायचं मोठं माप) आणलेत. संपले तर बसायचं सोन्या-चांदीचं सिंहासन फोडून पैसा देईन. लायसँडरने वल्हेकऱ्यांना रोज एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल मागितले. सायरसने बापाच्या कराराकडे बोट दाखवलं: तीन ओबोल, जास्त नाही. लायसँडर गप्प बसला. पुढे जेवणानंतर सायरसने त्याच्या नावाने प्याला उचलून विचारलं, तुझी मर्जी कशाने राखू? उत्तर आलं: प्रत्येक वल्हेकऱ्याला एक ओबोल वाढवून. रोज चार ओबोल ठरले. आरमार म्हणजे वल्हेकरी, आणि वल्हेकरी चार पैसे जास्त देणाऱ्याकडे जाणार. इ.स.पू. 405 मध्ये एगोस्पोटामीला अथेन्सचं आरमार जवळपास सगळं हातचं गेलं, आणि पुढच्या वर्षी अथेन्स शरण आलं.

त्याच सुमारास दारियस वारला आणि मोठा मुलगा आर्टाझर्क्सिस गादीवर आला. इथून निव्वळ भाऊबंदकी. आई पॅरिसातिसचा जीव धाकट्यावर. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, तिचा युक्तिवाद असा की मोठा झाला तेव्हा बाप राजा नव्हता, धाकटा राजाचा मुलगा म्हणून जन्मला, म्हणून हक्क त्याचा. झर्क्सिसला गादी मिळताना हीच सबब चालली होती. या वेळी चालली नाही. पर्शियन सुभेदार तिस्साफर्निसने सायरसवर कटाचा आरोप केला, तो पकडला गेला, आणि आईनेच त्याला सोडवून पुन्हा सार्डिसला पाठवलं.

तिथे त्याने भाडोत्री ग्रीक जमवले. त्यांना 'दहा हजार' म्हणतात, पण झेनोफनच्या मोजणीप्रमाणे ते तेराएक हजार होते. पिसिडियातल्या डोंगरी टोळ्यांचा बंदोबस्त करायचाय, असं त्यांना सांगितलं. तार्ससला पोहोचल्यावर सैनिकांना खऱ्या बेताचा वास आला आणि ते अडून बसले. तेव्हा महिन्याचा पगार एका दारिकवरून (पर्शियन सोन्याचं नाणं) दीड दारिक झाला. पुन्हा थैलीच.

इ.स.पू. 401 मध्ये बाबिलोनजवळ कुनाक्साला गाठ पडली. सायरसचा हुकूम होता की ग्रीकांनी थेट राजा उभा असलेल्या मध्यावर तुटून पडावं. त्यांचा सेनापती क्लिआर्कस नदीकाठची उजवी बाजू सोडायला तयार नव्हता. ग्रीकांनी आपल्यासमोरची फळी सहज पळवली. तिकडे भाऊ दिसताच सायरस मोजक्या स्वारांनिशी त्याच्या अंगावर गेला, त्याला जखमी केलं आणि डोळ्याखाली भाला लागून पडला. ग्रीक लढाई जिंकले आणि ज्याच्यासाठी लढले तोच गेला. वाटाघाटीच्या नावाखाली त्यांचे सेनापतीही मारले गेले. उरलेले आर्मेनियाच्या बर्फातून काळ्या समुद्रापर्यंत चालत गेले. झेनोफनचं नाव झालं ते या परतीच्या वाटेवर.

आर्टाझर्क्सिसने पुढे चाळीसहून जास्त वर्षं राज्य केलं. आई मात्र विसरली नाही. सायरसचं शिर आणि हात कापणारा खोजा राजाच्या मर्जीतला होता. प्लुटार्क लिहितो, पॅरिसातिस मुलाशी फासे खेळायला बसली आणि आधी हजार दारिक मुद्दाम हरली. मग दुसऱ्या डावात पैज ठरली एका खोजाची. ती जिंकली आणि तिने तोच मागून घेतला.