जाळीचा टॉप खांद्यावर का बसत नाही

क्रोशाचा रुमाल कितीही मोठा केला तरी शेवटी टेबलावरच पसरायचा असतो, त्यामुळे थोडंफार चुकलं तरी खपून जातं. टॉप विणायला घेतला की खांद्यापाशी सगळं उघडं पडतं. माझा पहिला जाळीदार टॉप मी पुढचा नि मागचा असे दोन सरळ चौकोन विणून वरून शिवून टाकला होता, घातल्यावर तो मानेजवळच टेकला, काखेपाशी चोळामोळा झाला आणि खालचा काठ दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला. मला वाटलं माप चुकलं. माप बरोबरच होतं, फक्त माणसाचा खांदा सपाट नसतो हे लक्षातच आलं नव्हतं.

मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचा उतार साधारण 20 अंश धरतात. म्हणजे खांदा 12 सेंटीमीटरचा असेल तर त्याचं टोक मानेच्या मुळापेक्षा चारेक सेंटीमीटर खाली येतं. पुढून 4, मागून 4, असं 8 सेंटीमीटर कापड काखेच्या वर नुसतंच जास्तीचं. शिंपी ही पाचर सरळ कापून काढतो. क्रोशाला कात्री लावली तर टाके सुटत जातात, म्हणून ती पाचर मुळात विणायचीच नाही.

आणि इथे क्रोशाची खरी मजा आहे. दोन सुयांवरच्या साध्या विणीत सगळे टाके जवळपास एकाच उंचीचे असतात, क्रोशात मात्र टाक्यांचे प्रकारच वेगवेगळ्या उंचीचे, मुका खांब बुटका, अर्धा खांब त्याहून उंच, खांब अजून उंच, आणि दोनदा दोरा गुंडाळून केलेला दुहेरी खांब सगळ्यात लांब. म्हणजे एकाच ओळीत बाहेरच्या टोकाला मुके खांब, मग अर्धे, मग पूर्ण खांब असं मानेकडे चढत गेलं की उतार आपोआप तयार. नुसते टाके सोडत सोडत ओळी आखूड केल्या तरी उतार येतो पण तो जिन्यासारखा येतो, कारण बारीक सुती दोऱ्यातसुद्धा खांबाची एक ओळ अर्धा-पाऊण सेंटीमीटर तरी उंच होते, आणि शिवताना त्या पायऱ्या दिसतात. दोन्ही एकत्र करायचं, ओळ आखूड करायची आणि तिचं टोक बुटक्या टाक्यांनी निमुळतं करायचं.

पण हे झालं भरीव विणीचं. लेसमध्ये डिझाईन मध्येच तुटतं, अननसाची नक्षी असेल तर अर्धा अननस खांद्यावर फार वाईट दिसतो (मी केलाय). तिथे माझं मत असं की टाके मोजायच्या भानगडीत न पडता साखळ्या (दोन टाक्यांच्या मधले मोकळे फासे, त्यांचीच जाळीची कमान होते) कमी कराव्यात. मानेकडे 7 साखळ्यांची कमान, मग 5 ची, टोकाला 3 ची. कमान लहान झाली की जाळी उंचीला आणि रुंदीला दोन्हीकडे आकसते आणि नक्षी चालू राहते. रुंदी थोडी कमी होते, ती आधीच जास्त धरायची.

आयर्लंडच्या बायकांनी तर हा हिशोबच टाळला होता. 1840 च्या दशकात तिथे बटाट्याचं पीक रोगाने गेलं, दुष्काळ पडला, आणि क्लोन्स गावात 1847 साली कॅसांड्रा हँड नावाच्या बाईंनी उत्पन्नासाठी क्रोशाची लेस सुरू करून दिली. आयरिश क्रोशात गुलाब, पानं वेगवेगळी विणतात, कपड्याच्या आकाराच्या कापडावर पालथी टाचतात आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने वेड्यावाकड्या दिशेने भरतात. उतार कापडावर आधीच आखलेला, त्यामुळे खांद्याला वेगळं काही करावंच लागत नाही.

बरं, उतार जमला तरी टॉपचं सगळं वजन त्या दोन 12-12 सेंटीमीटरच्या रेघांवरच लटकणार. दोरा फारसा ताणत नाही, ताणतो तो जाळीचा आकार, म्हणजे चौकोनी घर तिरकं ओढलं की पतंगासारखं होतं, लांबी वाढते आणि रुंदी घटते. सरळ उभ्या खांबांच्या दिशेने ओढलं तर घर तितकं बदलत नाही. उतार म्हणजे तिरकी रेघ, म्हणून खांदाच सगळ्यात आधी ढिला पडतो. त्यावर उपाय म्हणजे शिवणीवर आतून स्लिप स्टिचची, म्हणजे जवळपास उंचीच नसलेल्या सपाट टाक्याची, एक घट्ट ओळ, आणि टॉप हँगरला न लावता घडी करून ठेवणं.

शेवटी ओला करून टाचण्यांनी उतारावर ताणून वाळवायचा. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात, पाण्याने त्यातले काही बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात, इस्त्रीचं पण तेच तत्त्व. पुढच्या धुण्यात पुन्हा सुटतात, म्हणून दर वेळी करावं लागतं, कंटाळा येतो. ॲक्रिलिक पाणी फारसं पीतच नाही, त्याला वाफ लागते, आणि ती पण लांबून, कारण इस्त्री टेकली की जाळी कायमची चपटी होते. माझ्याकडे असा एक निळा टॉप आहे, खांदे मात्र एकदम परफेक्ट.