अंत्यकाळाचे दृष्टांत

जगाचा शेवट, शेवटचा न्याय व ख्रिस्ताचे दुसरे आगमन यांविषयी येशूने सांगितलेल्या कथा. बहुतेक बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १३, २४ व २५ या अध्यायांत आहेत : गव्हातले निदण (तण), समुद्रात टाकलेले जाळे, अंजिराचे झाड, दहा कुमारी, मेंढरे आणि शेरडे. त्यांतले २४–२५ हे जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांशी झालेले बोलणे असून त्यातला २४ व्या अध्यायाचा बराच भाग मार्क १३ व लूक २१ यांतही थोड्याफार फरकाने येतो.

निदणाचा दृष्टांत विदर्भातल्या शेतकऱ्याला सहजी पटणारा नाही. शत्रू रात्रीतून गव्हात तण पेरून जातो. चाकर विचारतात, उपटून टाकू का? मालक म्हणतो, राहू द्या, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. डवरणी-निंदण चुकवणाऱ्याला जिथे गाव नावे ठेवते, तिथे हा सल्ला आळशाचाच वाटेल. पण ते तण बहुधा लोलियम टेम्युलेंटम हे गवत. ओंब्या फुटेपर्यंत ते हुबेहूब गव्हासारखे दिसते, मुळे गव्हात गुंततात, आणि दाण्यात बुरशी असली की ते विषारी ठरते. भंडारा-गोंदियाच्या बांधीतला (भातखाचरातला) रानधान असाच लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. मत्तयातच पुढे उलगडा आहे : शेत म्हणजे जग, कापणी म्हणजे युगाची समाप्ती, कापणारे देवदूत.

दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या कथेत तो यायला मध्यरात्र होते. डुलक्या दहाही जणींना लागतात, त्याबद्दल कोणालाच बोल नाही. पाच जणी अडतात त्या जास्तीचे तेल न घेतल्यामुळे.

वऱ्हाडात मिशनरी येण्यामागेही जैतुनाच्या डोंगरावरच्या त्याच बोलण्यातले एक वचन (मत्तय २४:१४) आहे : राज्याची सुवार्ता साऱ्या जगात गाजवली जाईल, मग शेवट होईल. ए. बी. सिम्प्सन या धर्मोपदेशकांनी १८८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या अलायन्स या मिशनरी चळवळीचा यावर भर होता. येणारा राजा ख्रिस्त हे तिच्या शिकवणीच्या चार सूत्रांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे काम अकोला, अमरावती, खामगाव या भागात रुजले. पाठोपाठ १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला. मत्तय २४ मध्ये दुष्काळाचा उल्लेख आहेच, मात्र तो वेदनांचा नुसता आरंभ म्हणून. त्यावरून शेवट आलाच असे ठरवणे मूळ वचनाला धरून नाही. यवतमाळला १९५३ पासून असलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र १९८३ मध्ये पुण्याला गेले.

दिवस व घटका पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही, असे त्याच अध्यायात (२४:३६) बजावले आहे. तरी तारखा काढणारे थांबले नाहीत. दानीएलाच्या ग्रंथातल्या २३०० दिवसांची २३०० वर्षे धरून विल्यम मिलर या अमेरिकी उपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्त येण्याचा दिवस म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ नक्की केला; तो सरला आणि काहीच घडले नाही. अमेरिकेतले रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांची २१ मे २०११ ही तारीखही तशीच गेली.

विदर्भात भाकीत म्हटले की आधी आठवते ती बुलढाणा जिल्ह्यातली भेंडवळची घटमांडणी. अक्षय तृतीयेला शेतात घट आखून भोवती १८ धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचे अंदाज सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिच्यावर आक्षेप घेतात. दोन्हींची गल्लत करू नये : घटमांडणी येत्या हंगामापुरती आणि उत्तर देणारी, दृष्टांतांत मुदत मुद्दाम झाकलेली. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या २० व्या अध्यायात सांगितलेल्या हजार वर्षांच्या राज्याआधी ख्रिस्त येणार की ती वर्षे प्रतीकात्मक समजायची, यावर मात्र ख्रिस्ती पंथांत आजही एकमत नाही.