नंबरांची यादी पाठवण्याआधी: मालक, भागीदार आणि संचालकांसाठी

तुमच्या ग्राहकांना मोबाइलवर मेसेज पाठवून देणं हे आमचं काम. दर वर्षी गणपती आटोपले की आमच्या ऑफिसात फोन सुरू होतात. "यादी मेल केलीय, सहा हजार नंबर आहेत, घटस्थापनेला मेसेज गेले पाहिजेत." यादी उघडली की दोनच रकाने, नाव आणि मोबाइल. एका यादीत नावाच्या जागी 'वहिनी, निळी ॲक्टिव्हा' असंही सापडलं होतं. मग आमचा ठरलेला प्रश्न जातो, हे नंबर आले कुठून? उत्तरही ठरलेलं असतं, "आमचीच गिऱ्हाइकं आहेत हो." यानंतर चार-सहा दिवस फोनाफोनीत जातात, घट बसतात, आणि तुमचा राग आमच्या सपोर्टच्या मुलीवर निघतो.

हा कागद तुमच्या कॉम्प्युटर ऑपरेटरसाठी नाही. तो सांगितलं तेवढं करतो. दुसरी शाखा काढायची, सभासद कार्ड सुरू करायचं, कुणाचं दुकान चालवायला घ्यायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांनी तो वाचावा, कारण चूक तिथेच होते. निर्णय होतो, बॅनर छापून येतात, आणि ग्राहकांची माहिती अशी वापरता येते का हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आमच्या टेबलावर निघतो.

कायद्याचं नाव आता सगळ्यांनी ऐकलं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि व्यावसायिकांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या तिथून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. अडीचशे कोटींच्या दंडाचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरून झाला आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्यासाठी ती कमाल मर्यादा आहे, आणि दंड ठरवताना चुकीचं स्वरूप आणि गांभीर्य पाहिलं जातं. हा आकडा दाखवून काही लोक सध्या पॅकेजं विकत आहेत. आम्हाला तसा धंदा करायचा नाही.

<b>बिलासाठी दिलेला नंबर</b>

कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, आपला नंबर स्वतःहून देते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा म्हणते. दुकानदाराने त्या नंबरवर पावती पाठवावी. नंबर त्या कामासाठी दिला होता. त्याच नंबरवर पाडव्याची ऑफर पाठवायची तर त्यासाठी वेगळी संमती हवी, आणि ती घेतल्याचा पुरावा मागितला तर तो दाखवण्याची जबाबदारी दुकानदाराची. "गिऱ्हाईक आमचंच आहे" हे खरं असतं, पण त्याने प्रश्न सुटत नाही. गिऱ्हाईक तुमचं, नंबर त्याचा.

इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे "पण आमचं डीएलटी झालंय ना!" झालंय, ते आम्हीच करून दिलंय. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे मेसेज पाठवणाऱ्याचं हेडर (मेसेजवर दिसणारं नाव) आणि मजकुराचं टेम्प्लेट नोंदवावं लागतं, डीएलटी म्हणजे ती नोंदणी. तिच्यामुळे मेसेज जाण्याची वाट मोकळी होते. समोरच्याचा नंबर तुमच्याकडे कसा आला आणि तो कशासाठी वापरता येईल, हे तिथे ठरत नाही.

आता निर्णयाकडे. आमच्या एका ग्राहकाने शेजारच्या तालुक्यातलं साडीचं जुनं दुकान घेतलं. सौदा ठरताना जागा, माल आणि 'बारा हजार कस्टमर डेटा' अशी तिन्हींची किंमत धरली होती. सगळे नंबर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेले, आणि ऑफरसाठी किंवा दुसऱ्या कुणाला द्यायला संमती एकाचीही घेतलेली नव्हती. आम्ही ती यादी चढवली नाही. त्यांनी आम्हाला बरंच ऐकवलं, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही ऐकवलं असतं, कारण पैसे देऊन झाले होते. कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणाला कायद्यात काही सवलत आहे. दोघांनी बसून स्टँपपेपरवर केलेल्या व्यवहाराला तिचा आधार घेता येत नाही. सौद्याच्या आधी आठ दिवस विचारलं असतं, तर त्या बारा हजारांची किंमत तरी कमी धरता आली असती. शेवटी जुन्या मालकांच्या काउंटरवरच तीन महिने नवी संमती घेत बसलो. किती आली ते विचारू नका, पण आली ती माणसं खरोखर येणारी निघाली.

याच्या उलट अनुभवही आहे. एक संस्था सभासद कार्डासाठी आधारची झेरॉक्स, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, घरातल्या माणसांची नावं असं सगळं गोळा करणार होती. फॉर्म छापायला जाण्यापूर्वी संचालकांनी आम्हाला बैठकीला बोलावलं. आम्ही एकच विचारलं, यातलं काय खरंच लागतं? नाव, नंबर आणि जन्माचा महिना एवढ्यावर काम भागलं. बाकीचं घेतलंच नाही, म्हणून ते सांभाळायचंही नाही. उद्या लॅपटॉप चोरीला गेला तर माहिती फुटल्याचं संबंधितांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावं लागतं, तपशीलवार अहवाल मंडळाला ७२ तासांत द्यावा लागतो. त्या वेळी फॉर्मवर काय काय लिहून घेतलं होतं, याचा हिशेब संचालकांनाच द्यायचा आहे.

क्लासवाल्यांसाठी थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातीला कायद्यात मनाई आहे. दहावीच्या मुलांच्या विकत मिळणाऱ्या याद्या आम्ही घेत नाही. पुन्हा विचारू नये.

<b>जुन्या यादीचं काय?</b>

पूर्वी खरोखर संमती घेतली असेल, तर जुनी यादी फेकून द्यायची गरज नाही. कायदा लागू झाल्यावर त्या लोकांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यायची: तुमची कुठली माहिती आमच्याकडे आहे, कशासाठी, आणि नको असल्यास कसं कळवायचं. ते 'नको' म्हणेपर्यंत वापर चालू ठेवता येतो. पण 'नको' म्हणणं हे 'हो' म्हणण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. एका टिचकीत हो, आणि नाही म्हणायला दुकानात येऊन अर्ज द्या, असं चालणार नाही. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी ग्राहकाला हव्या त्या भाषेत वाचायची सोय हवी. मराठी मसुदा आमच्याकडे तयार आहे, आमच्या ग्राहकांना तो विनामूल्य मिळतो.

कागदी वहीतली नोंद वहीतच राहिली तर या कायद्यात येत नाही. एक्सेलमध्ये टाइप केली की येते.

काहीजण म्हणतात, "सॉफ्टवेअर तुमचं, मग जबाबदारी तुमची." आमच्या बाजूची सुरक्षा आम्ही पाहतो आणि करारात तसं लिहूनही देतो. पण करारात काहीही लिहिलं तरी, काम बाहेर दिलं म्हणून कायद्याची जबाबदारी मूळ व्यावसायिकावरून उतरत नाही. आम्ही अडवतो असं तुम्हाला वाटतं, ते तुमच्याच वाट्याचं काम असतं. दुसरीकडे विनाचौकशी यादी चढवून मिळेल, दोन पैसे स्वस्तही पडेल. तसे गेलेले तीन ग्राहक परत आले आहेत, त्यांच्याकडून आम्ही जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हा यापुढे यादीत नाव आणि नंबर यांच्याबरोबर तीन रकाने भरून पाठवा: नंबर कधी मिळाला, कुठे मिळाला, कशासाठी दिला. तिन्ही भरलेले असतील तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं. रिकामे असतील तर यादी साफ करण्याचा दर वेगळा आहे, आणि वेळ किती लागेल ते यादी पाहूनच सांगता येईल. नवी शाखा, योजना किंवा भागीदारी यांचा विचार चालू असेल तर ठरण्यापूर्वी एकदा फोन करा. तासाभराच्या त्या बैठकीचे आम्ही पैसे घेत नाही, चहा मात्र तुमचा.

दिवाळीची यादी पितृपक्षापूर्वी हातात पडावी. व्हॉट्सॲपवर यादी पाठवू नका, तुमच्या खात्यातल्या लिंकवर चढवा. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल आम्ही न उघडता पुसतो आणि पुसल्याचं कळवतो.