डायलिसिसच्या पाण्यातील जिवाणू-दूषण

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राद्वारे शुद्ध करताना (हीमोडायलिसिस) जे पाणी लागते, त्यात जिवाणूंची वाढ होणे आणि त्या जिवाणूंमुळे किंवा त्यांच्या विषारी घटकांमुळे रुग्णाला अपाय होणे, याला डायलिसिसच्या पाण्याचे जिवाणू-दूषण म्हणतात. हे दूषण बहुतेक वेळा बाहेरून अचानक येत नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेतच ते मूळ धरते आणि वाढते.

डायलिसिसच्या यंत्रात रक्त आणि डायलिसिस-द्रव (डायलिसेट) यांच्यामध्ये फक्त एक अतिशय पातळ पटल असते. हा द्रव मिनिटाला सुमारे ५०० मिली वेगाने वाहतो. चार तासांच्या एका सत्रात १२० लिटर आणि आठवड्याच्या तीन सत्रांत ३६० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताला जवळजवळ भिडून जाते. धडधाकट माणूस आठवड्याला साधारण १४ लिटर पाणी पितो आणि तेही जठरातले आम्ल, आतड्याचे अस्तर आणि यकृत यांच्या पहाऱ्यातून आत जाते. डायलिसिसच्या रुग्णाला यांतला एकही पहारेकरी उपलब्ध नसतो. म्हणून पिण्यायोग्य पाणी डायलिसिसला योग्य असेलच असे नाही.

डायलिसिस केंद्रातल्या आरओ प्लांटमध्ये (अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत) पाणी साधारण या क्रमाने पुढे सरकते : गाळ अडवणारा वाळूचा फिल्टर, क्षार काढणारा सॉफ्टनर, सक्रिय कोळशाचा कार्बन फिल्टर, बारीक कार्ट्रिज फिल्टर, उच्च दाबाचा पंप, आरओ मेम्ब्रेन. तिथून ते साठवण-टाकीत किंवा थेट वितरणाच्या नळीत, म्हणजे ‘लूप’मध्ये जाते आणि लूपमधून प्रत्येक खाटेजवळच्या यंत्राला मिळते. या रचनेत एक मोठी अडचण आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि क्लोरामाइन रक्तात पोचले तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून कार्बन फिल्टरने ते काढून टाकावेच लागतात. पण जंतूंना आवर घालणारेही तेच असतात. कार्बन फिल्टरनंतरचे पाणी म्हणजे जितके स्वच्छ तितकेच बेवारशी. कोळशाचे सच्छिद्र कण आणि सॉफ्टनरचे रेझिन ही तर जिवाणूंना राहायला आयती घरेच.

इतक्या निर्मळ पाण्यात जंतू खातात तरी काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेत मार्टिन फावेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू रुग्णालयातल्या ऊर्ध्वपातित पाण्यातही वाढतो. अन्नाचे अत्यल्प अंश त्याला पुरतात. डायलिसिसच्या पाण्यात सापडणारे स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया, राल्स्टोनिया, स्टेनोट्रोफोमोनास हे ग्रॅम-ऋण (भित्तिकेच्या रचनेवरून ओळखल्या जाणाऱ्या एका गटातले) जिवाणू याच चिवट जातीचे. त्यांच्या जोडीला क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे मायकोबॅक्टेरियाही असतात.

हे जिवाणू पाण्यात सुटे तरंगत राहिले असते तर काम सोपे झाले असते. पण ते नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण तयार करतात. याला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या माठाला आतून हात लावला की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो याच प्रकारातला. माठ घासता येतो, छताजवळून गेलेली लूपची नळी घासता येत नाही. जंतुनाशक वरच्या थरातले जिवाणू मारते, खालचे तग धरतात आणि काही दिवसांत थर पूर्ववत होतो. बायोफिल्म एकदा मुरली की अनेकदा नळ्याच बदलाव्या लागतात. म्हणून ती बसूच न देणे हाच खरा उपाय आहे. पाणी जिथे थांबते तिथे ती बसते : वापरात नसलेल्या खाटेकडे जाणारा नळीचा तुकडा, सपाट बुडाची टाकी, खडबडीत सांधे, सैल झाकण. चांगल्या प्लांटमध्ये टाकीचे बूड शंकूसारखे असते, हवा आत येण्याच्या वाटेवर ०.२ मायक्रॉनचा फिल्टर असतो आणि लूपमधले पाणी सतत फिरत ठेवलेले असते. रविवारी केंद्र बंद म्हणून पंपही बंद केला, तर सोमवारच्या पहिल्या पाळीच्या रुग्णांच्या वाट्याला दिवस-रात्र साचलेले पाणी येते.

जंतू मारले म्हणजे धोका टळला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ग्रॅम-ऋण जिवाणू मेला की त्याच्या भित्तिकेतील अंतर्विष (एंडोटॉक्सिन) पाण्यात सुटते. अख्खा जिवाणू डायलायझरच्या (यंत्राच्या, रक्त गाळणाऱ्या भागाच्या) पटलातून जाऊ शकत नाही, पण अंतर्विषाचे तुकडे जातात. शिवाय मोठ्या छिद्रांच्या पटलाच्या, म्हणजे हाय-फ्लक्स डायलायझरमध्ये काही प्रमाणात द्रव उलटा, म्हणजे रक्ताच्या दिशेनेही ढकलला जातो. अतिनील किरणांचा दिवा जंतू मारतो, अंतर्विष मात्र तसेच सोडतो. म्हणून त्या दिव्यानंतर अंतर्विष अडवणारा फिल्टर हवाच.

सत्र सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत रुग्णाला हुडहुडी भरते, मग ताप चढतो, रक्तदाब घसरतो, मळमळते. याला पायरोजेनिक रिअॅक्शन म्हणतात. एकाच पाळीत दोघा-तिघांना असे झाले, तर संशय आधी पाण्यावर घ्यायला हवा. यापेक्षा कपटी आहे ते मंद, रोजचे दूषण. त्यात ताप येत नाही. शरीरात सतत थोडा दाह राहतो, भूक मंदावते आणि रक्तवाढीसाठीच्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनला पुरेसा प्रतिसाद मिळत नाही. रुग्ण खंगतो आणि दोष त्याच्या आजाराला दिला जातो.

दोन घटना या विषयात कायम सांगितल्या जातात. १९८२ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १४० रुग्णांपैकी २७ जणांना मायकोबॅक्टेरियम किलोनी या जंतूचा संसर्ग झाला. तिथे डायलायझर धुऊन पुन्हा वापरले जात आणि ते निर्जंतुक करण्यासाठीचे फॉर्मल्डिहाइड या जंतूला मारण्याइतके तीव्र नव्हते. दुसरी घटना ब्राझीलमधील कारुआरू शहरातली, फेब्रुवारी १९९६ ची. दुष्काळामुळे एका केंद्राला धरणातले, पूर्ण प्रक्रिया न झालेले पाणी टँकरने पुरवले जात होते. त्या पाण्यात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळासारखे दिसणारे जिवाणू होते. केंद्रात वाळूचा व कार्बनचा फिल्टर होता, आरओ नव्हते. जिवाणूंचे मायक्रोसिस्टिन हे यकृतघातक विष थेट रुग्णांच्या रक्तात गेले. ११६ जणांना दृष्टीचा त्रास, मळमळ आणि उलट्या झाल्या, १०० जणांचे यकृत निकामी झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ५२ मृत्यूंचा संबंध या विषाशी जोडला गेला. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या मराठवाड्यातील गावांत डायलिसिस केंद्रे उभी राहत असताना कारुआरू आपल्याला दूरचे वाटू नये. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे वा तलावाचे आहे, हे केंद्राला दर खेपेस ठाऊक असायला हवे.

आयएसओ २३५०० या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेनुसार डायलिसिसच्या पाण्यात दर मिलिलिटरला जिवाणूंच्या वसाहती (सीएफयू) १०० पेक्षा कमी आणि अंतर्विष ०.२५ एककांपेक्षा (ईयू) कमी असावे लागते. आकडा याच्या निम्म्यावर पोचला की लगेच हालचाल करायची असते. पूर्वीच्या अमेरिकी मानकात २०० वसाहती आणि २ एकके चालत. अतिशुद्ध डायलिसिस-द्रवासाठी मर्यादा आणखी कडक आहे : ०.१ वसाहत आणि ०.०३ एकक. अंतर्विषाची चाचणी लिम्युलस या, घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या समुद्रजीवाच्या निळ्या रक्तातील पेशींपासून केलेल्या द्रव्याने होते.

जिवाणू मोजताना नेहमीच्या रुग्णालयीन पद्धतीने फसगत होऊ शकते. पाण्यातल्या यांपैकी अनेक जिवाणूंना उबदार, पौष्टिक माध्यम मानवत नाही. आर-२-ए सारख्या कमी पोषणाच्या आगरवर (जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर), १७ ते २३ अंश सेल्सिअसला, तब्बल सात दिवस ठेवल्यावर ते दिसू लागतात. जी प्रयोगशाळा शरीराच्या तापमानाला दोन दिवस ठेवून ‘वाढ नाही’ असे कळवते, तिच्या अहवालावर डोळे झाकून विसंबू नये.

निर्जंतुकीकरणासाठी परॲसेटिक आम्ल, हायपोक्लोराइट, ओझोन किंवा सुमारे ८० अंशांचे गरम पाणी वापरतात. क्लोरीनने आरओचे पॉलिअमाइड मेम्ब्रेन खराब होते, त्यामुळे हायपोक्लोराइट मेम्ब्रेनला लागू द्यायचे नसते. रसायन वापरल्यावर त्याचा अंश उरला नाही हे चाचणी-पट्टीने तपासूनच रुग्ण जोडायचा. डायलिसिस-द्रव बनवताना पाण्यात मिसळल्या जाणाऱ्या बायकार्बोनेटच्या द्रावणातही जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून काल कालवलेले द्रावण आज वापरू नये आणि कॅन रोज धुऊन कोरडे करावेत. नमुना लूपच्या शेवटच्या टोकावरून, तसेच यंत्राला पाणी मिळते तिथून घ्यावा आणि तो निर्जंतुकीकरणाच्या आदल्या दिवशी घ्यावा. धुलाईनंतर लगेच भरलेल्या बाटलीतून रुग्णाला महिनाभर कोणते पाणी मिळाले ते कळत नाही.