कोरड्या हवेतला चेंडू

मार्च संपत आला तरी शिकागोत जाड जॅकेटं कपाटात जात नाहीत. म्हणून या वेळी मुलीला सुट्टी लागताच चार दिवस ॲरिझोनाला जायचं ठरवलं. एका दगडात दोन पक्षी: वाळवंटातला वसंत आणि बेसबॉल. अमेरिकेतल्या ३० मोठ्या संघांपैकी १५ संघ फेब्रुवारी-मार्चमध्ये फिनिक्सच्या आसपास सरावाला उतरतात. मेसा, पिओरिया, गुडइयर, सरप्राइझ ही त्या उपनगरांची नावं तोवर मी फक्त धावफलकाशेजारी वाचली होती.

आम्ही मेसात राहिलो. पहिल्याच सकाळी ओठ फुटले आणि अंघोळीनंतर टॉवेल दोऱ्यावर टाकेपर्यंत सुकायला लागला. पुढे जे जे पाहिलं, त्याचं मूळ या कोरडेपणातच होतं.

गावाच्या पूर्व टोकाला युसरी डोंगराचं उद्यान आहे. तिथे सवारो निवडुंग अगदी जवळून पाहिला. त्याच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात, चुण्या उलगडतात आणि खोड फुगतं. दुष्काळात त्याच चुण्या पुन्हा मिटतात. भरपूर पाणी प्यायलेला मोठा सवारो दीड-दोन टन भरतो, आणि तरी त्याची बहुतेक मुळं जमिनीत जेमतेम वीतभरच खोल असतात. ती आडवी पसरतात, कारण इथला पाऊस खोल मुरतच नाही. पहिला हात फुटायला पन्नास-सत्तर वर्षं सहज जातात. आमच्यासमोरच्या एका झाडाला पाच हात होते. आजोबांच्या आजोबांसमोर उभं राहावं तसं वाटलं.

त्याची खरी हुशारी मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. इथल्या उन्हात तसं केलं तर आतलं पाणी उडून जाईल. म्हणून सवारो रंध्रं रात्री उघडतो, वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि सकाळी दारं लावून त्याच साठ्यावर अन्न शिजवतो. आपल्याकडे सांगली-सोलापूरच्या शेतांत ड्रॅगनफ्रूट लावतात, तोही निवडुंगच आणि त्याचीही हीच रीत. शेजारचा पालो व्हर्दे वृक्ष नुकता पिवळा फुलायला लागला होता. त्याने वेगळाच मार्ग काढलाय: पानं इवलीशी ठेवायची, टंचाईत तीही गाळायची आणि हिरव्या सालीवर भागवायचं.

दुपारी सामन्याला गेलो. मैदानामागच्या हिरवळीवर चादर अंथरून बसलो होतो. फटके लांब जात होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘कोरडी हवा हलकी असते ना!’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो बरोबर उलटा आहे. पाण्याचा रेणू नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा हलका असतो. त्यामुळे तापमान आणि दाब सारखे असतील तर दमट हवाच किंचित विरळ असते. चेंडू लांब जातो तो मुख्यतः उष्णतेमुळे, कारण तापलेली हवा विरळ होते. शिकागोच्या गारठ्यात ४०० फूट जाणारा फटका इथल्या पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात दहा-पंधरा फूट पुढे पडू शकतो. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपासची उंचीही थोडा हातभार लावते.

पण कोरडेपणा चेंडूच्या पोटात शिरतो. बेसबॉल म्हणजे मधल्या गोळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली लोकर आणि तिच्यावर १०८ टाक्यांनी शिवलेलं कातडं. लोकर हवेतला ओलावा घेते आणि देतेही. वाळवंटात ती सुकली की चेंडू हलका होतो आणि बॅटवरून जास्त उसळतो. कातडंही गुळगुळीत लागतं, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पकड मिळत नाही. पकड नाही तर फिरकी कमी. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका अंगाला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या अंगाला वळतो. फिरकी घटली आणि हवाही विरळ, की कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, सरळच येतो. आपल्याकडचा कुठलाही फिरकी गोलंदाज हे दुःख ओळखेल. यावर तोडगा म्हणून फिनिक्सच्या चेस फील्ड मैदानाने २०१८ मध्ये चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली आणि तिथले होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) कमी झाले. २०२२ पासून ही कपाटं सगळ्याच मोठ्या मैदानांवर आली. चेंडूला पाणी पाजण्याची ही कल्पना मला फार आवडली.

मग ही हिरवळ, ही घरं कशावर जगतात? सॉल्ट नदीवर, आणि सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणलेल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर. गुडइयर गाव तर टायर कंपनीने १९१७ मध्ये कापसासाठी घेतलेल्या जमिनीवर वाढलं. तेव्हा टायरमध्ये सुती धागा लागायचा.

पण इथे पाणी फिरवणारे पहिले लोक होहोकाम, इथले प्राचीन मूळ रहिवासी. लाकडाच्या आणि दगडाच्या अवजारांनी त्यांनी शेकडो मैल कालवे खोदले आणि १४५० च्या सुमाराला ते सोडून दिले. १८७८ मध्ये मेसा वसवणाऱ्यांनी त्यांतलेच काही साफ करून पुन्हा वापरात आणले. गावातल्या एका सराव मैदानाचं नावही होहोकामच आहे.

शेवटच्या दुपारी त्या कालव्यांचे अवशेष जपलेल्या बागेत गेलो. घरांच्या रांगांमध्ये एक रुंद, कोरडा चर, बस इतकंच. बाजूच्या वाळवंटी झाडांत क्रिओसोटचं झुडूप होतं. त्याच्या पानांवर राळेचा थर असतो, तो पाण्याची वाफ कोंडून धरतो आणि ओलावा लागला की दरवळतो. मुलीने एक डहाळी ओंजळीत धरली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि हात माझ्या नाकाशी आणले. आकाशात एक ढग नव्हता आणि तिच्या ओंजळीत पावसाचा वास होता.