केन ग्रिफी म्हणजे नक्की कुठला, बाप की लेक?

बेसबॉलचे जुने व्हिडिओ बघायला लागलं की हा घोळ हमखास होतो. नाव सेम, दोघं आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात फील्डिंग करणारे), दोघं डावखुरे, दोघं सिनसिनाटी रेड्स आणि सिअ‍ॅटल मॅरिनर्स या अमेरिकन टीमकडून खेळलेले, वर लेकाने रेड्समध्ये गेल्यावर बापाचाच 30 नंबर घातला, मग घोळ होणार नाही तर काय!

ढोबळ खूण सांगतो. बॉल उंच उडून थेट प्रेक्षकांत पडला (म्हणजे होमरन) तर बहुतेक ज्युनियर, म्हणजे लेक, आणि बॉल फील्डरांच्या मधून सुटलाय नि बॅटर जीव खाऊन पळतोय तर सिनियर, म्हणजे बाप. सिनियरचे सगळे मिळून होमरन 152, ज्युनियरचे 630. ज्युनियर सेंटर फील्डला, 10 गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस), 2016 ला 440 पैकी 437 मतं घेऊन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत. त्याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं.

मला वाईट वाटतं ते सिनियरचं, लोक त्याला नुसतं ज्युनियरचा बाप म्हणून सोडून देतात. अहो, 1975 आणि 1976, लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या शेवटची अजिंक्यपदाची लढत) जिंकलेल्या रेड्सचा तो राइट फील्डर, आणि लेकाला एवढ्या मोठ्या करिअरमध्ये एकही वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली नाही. 1976 ला तर बॅटिंगचा किताब (लीगमध्ये सर्वात जास्त बॅटिंग सरासरीचा) सिनियरच्या हातात होता, शेवटच्या दिवशी सरासरी टिकावी म्हणून तो बाहेर बसला, तिकडे शिकागोत त्याच किताबाच्या शर्यतीतल्या बिल मॅडलॉकने 4 पैकी 4 हिट मारले, हे कळल्यावर याला घाईघाईने उतरवलं आणि दोन्ही वेळा हात रिकामा. मॅडलॉकची सरासरी 0.339, सिनियरची 0.336. आजही वाचताना चुटपुट लागते.

ऑल-स्टार मॅचचा (निवडक बड्या खेळाडूंची मॅच) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, कोण हा प्रश्न आला तर वर्ष बघा, 1980 चा बाप, 1992 चा लेक.

आपल्याकडे मांजरेकर बाप-लेक दोघं कसोटी खेळले पण काळ वेगळा, हे दोघं मात्र 1990 ला सिअ‍ॅटलमध्ये एकाच टीममध्ये, बाप 40 चा, लेक 20 चा. 14 सप्टेंबरला अ‍ॅनाहाइममध्ये पहिल्याच इनिंगला बापाने होमरन ठोकला, पुढचा बॅटर लेकच, त्यानेही लगेच ठोकला. तो व्हिडिओ बघाल तेव्हा पाठीवर बघा, 30 नंबर बाप, 24 नंबर लेक.